दहा बाय पंधराचा हॉल : मांडणीच्या वादाचा आढावा

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की घरातला पहिला वाद बहुधा सोफा कोणत्या भिंतीला लावायचा यावरून होतो. आईला सोफा दारासमोर नको असतो, मुलाला टीव्ही खिडकीसमोर नको असतो, सुतार बॉक्स दिवाण सुचवतो आणि वास्तुसल्लागार सगळे जड सामान नैऋत्येला पाठवतो. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर असते; अडचण एवढीच की जागा एकच असते.

या वादात आता घरच्यांखेरीज बरेच जण उतरले आहेत. आर्किटेक्ट आणि इंटिरियर डिझायनर आहेत, माणसांच्या बसण्या-बोलण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ आहेत, वास्तुसल्लागार आहेत, फर्निचर विकणाऱ्या कंपन्या आहेत आणि गुडघ्यांचे डॉक्टरही आहेत. त्यांची मते कुठून आली, ती कुठे जुळतात आणि कुठे अडतात, हे या लेखात पाहायचे आहे. चर्चा महाराष्ट्रातल्या शहरी घरांपुरती ठेवली आहे आणि नमुना म्हणून सुमारे १० बाय १५ फुटांचा हॉल घेतला आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहण्याची खोली किमान ९.५ चौरस मीटरची, म्हणजे साधारण १०२ चौरस फुटांची, आणि किमान २.४ मीटर रुंद असावी लागते. आपला नमुना १५० चौरस फुटांचा आहे. म्हणजे संहितेच्या हिशेबात तो ऐसपैस ठरतो.

बैठकीपासून सोफासेटपर्यंत

जुन्या वाड्यात हा प्रश्न फारसा नव्हता, कारण मांडायला सामानच थोडे होते. ओसरी, सोपा, दिवाणखाना आणि माजघर अशी जागेची वाटणी होती आणि साठवणुकीचे काम भिंती करत. कोनाडे, दिवळ्या, खुंट्या, फडताळे हे सगळे भिंतीतच असे. जमिनीवर जाजम किंवा सतरंजी, तिच्यावर गादी, पांढरी चादर, लोड आणि तक्के एवढी बैठक झाली की दिवाणखाना सजला. झोपाळा असेल तर तो कड्यांना टांगलेला. विदर्भात त्याला बंगई म्हणतात. चौरंग आणि पाट लागतील तेव्हा येत, काम झाले की भिंतीला टेकून उभे राहत. खोलीचा मधला भाग मोकळा राही, आणि त्या मोकळेपणामुळेच एकाच जागी जेवणाच्या पंगती, हिशेब, भजन आणि झोप असे सगळे होऊ शकत असे.

मात्र ती मांडणी निरागस नव्हती. गादीवर कोण बसणार, जाजमाच्या कडेला कोण, ओसरीच्या पायरीवर कोण आणि अंगणातच कोण थांबणार, हे वय, लिंग आणि जात यांवर ठरत असे. बायका माजघरात, पुरुष बाहेर, ही वाटणीही त्यातच आली. बैठकीच्या परंपरेविषयी आज हळवेपणाने लिहिले जाते तेव्हा हा भाग अनेकदा गळतो.

इंग्रजी अमलात कचेऱ्या आणि शाळांमधून खुर्ची-टेबल घरात आले. वकील-डॉक्टरांच्या दिवाणखान्यात एका बाजूला गादी-लोड आणि दुसऱ्या बाजूला खुर्च्या अशी सरमिसळ दिसू लागली. गोव्यात हे वळण पोर्तुगीज प्रभावाने वेगळे झाले. तिथल्या मोठ्या ख्रिस्ती घरांच्या सालात, म्हणजे दिवाणखान्यात, कोरीव खुर्च्या भिंतींच्या कडेने ओळीत लावलेल्या असत आणि मध्यभाग समारंभासाठी मोकळा ठेवलेला असे. रोजच्या गप्पांना बाहेरच्या बाल्कांवात, म्हणजे व्हरांड्यात, समोरासमोर बांधलेले पक्के सोपे (बाके) असत.

मुंबईच्या चाळीत गणितच बदलले. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तिच्यात स्वयंपाक, अभ्यास, पाहुणे आणि झोप हे सगळे एकापाठोपाठ एक उरकावे लागे. लोखंडी कॉट दिवसा बसायला आणि रात्री एकाला निजायला, तिच्याखाली ट्रंका, वर फळी किंवा पोटमाळा, कोपऱ्यात वळकट्या. गिरणगावात तर एकाच खोलीत राहणारे कामगार पाळीनुसार आलटून-पालटून झोपत. इथे मांडणी घड्याळावर चाले.

१९६०चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३चा फ्लॅट मालकीचा कायदा यांच्यानंतर सोसायट्यांचे पेव फुटले आणि मध्यमवर्गाला वेगळा हॉल मिळाला. त्याच्याबरोबर तीन अधिक एक अधिक एक असा सोफासेट, टीपॉय आणि काचेची शोकेस आली. लोखंडी कपाट बेडरूममध्ये सरकले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शनचे मुंबई केंद्र सुरू झाले, १९८२मध्ये रंगीत प्रक्षेपण आले आणि १९८७मध्ये ‘रामायण’ सुरू झाल्यावर शेजारीपाजारी हॉलमध्ये सतरंजीवर मावेनासे झाले. तेव्हाचा टीव्ही मागे खोल असल्याने कोपऱ्यात चपखल बसे. सपाट पडदे आल्यावर कोपरा मोकळा झाला, पण टीव्हीने पूर्ण भिंत घेतली. एकमेकांकडे तोंड करून असलेल्या खुर्च्या त्या भिंतीकडे वळल्या. आजच्या बहुतेक वादांचे मूळ या वळणात आहे.

मापाचा पक्ष

आर्किटेक्ट आणि डिझायनर प्रथम टेप काढतात. त्यांचे म्हणणे असे की आवडीनिवडीच्या आधी शरीराचे माप येते. मुख्य येण्याजाण्याची वाट सुमारे ३ फुटांची हवी. सोफा आणि टीपॉय यांच्यात १५ ते १८ इंच असावेत, म्हणजे कप हाताशी येतो आणि गुडघा आपटत नाही. बैठकीची उंची १६ ते १८ इंच बरी.

ही मापे आपल्या नमुन्याला लावून पाहिली की गोष्ट स्पष्ट होते. हॉलची रुंदी १० फूट. लांब भिंतीला लावलेला सोफा खोलीला ३ फूट घेतो, समोरचे टीव्ही युनिट दीड फूट. उरले साडेपाच. २ फुटांचा टीपॉय ठेवला आणि सोफ्यापासून त्याला दीड फूट अंतर दिले की टीव्हीच्या बाजूने चालायला २ फूट राहतात. एवढ्यातून माणूस जातो, पण हातात ताट असले की आडवा होऊन. म्हणून मापाच्या पक्षाचे लहान हॉलसाठीचे निष्कर्ष बरेच सारखे असतात : मधला टीपॉय काढून बाजूला छोटे स्टूल ठेवा, किंवा टीव्ही युनिट जमिनीवरून उचलून भिंतीला लावा.

पडद्याचे अंतरही असेच काढता येते. पडद्याच्या तिरप्या मापाच्या साधारण १.६ पट अंतर सोयीचे मानले जाते. ४३ इंची टीव्हीला हे अंतर पावणेसहा फुटांच्या आसपास येते, ५५ इंचीला सव्वासात फूट. १० फूट रुंदीच्या हॉलमध्ये ५५ इंची टीव्ही भिंतीवर असेल तर ते जेमतेम साधते. त्यापुढचा पडदा घ्यायचा तर खोलीच्या लांबीच्या दिशेने बसावे लागते आणि मग सोफा बहुधा दाराच्या किंवा बाल्कनीच्या वाटेत येतो.

या पक्षाचे बळ असे की त्याचे म्हणणे कुणालाही घरी तपासता येते. जमिनीवर खडूने किंवा जुन्या वर्तमानपत्रांनी सोफ्याचा आकार आखला की भांडण निम्म्यावर येते. मर्यादा अशी की मापे बसलेल्या किंवा चालणाऱ्या एका माणसाची असतात. सहा पाहुणे, दोन मुले आणि इस्त्रीचे कपडे यांचे माप त्या कोष्टकात नसते.

संवादाचा पक्ष

दुसरा पक्ष विचारतो, की ही मांडणी माणसांना बोलते करते का? १९५०च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड यांनी माणसांना एकत्र आणणाऱ्या आणि दूर सारणाऱ्या जागा असा फरक मांडला. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांनी त्याच प्रांतात वृद्धांच्या एका कक्षात भिंतीलगत ओळीने लावलेल्या खुर्च्या हलवून छोट्या टेबलांभोवती लावल्या. काही आठवड्यांत रुग्णांमधले बोलणे जवळजवळ दुप्पट झाले. समोरासमोर बसलेल्यांमधले अंतर साडेपाच फुटांच्या पुढे गेले की माणसे शेजारी बसणे पसंत करतात, असेही सॉमर यांच्या प्रयोगांत दिसले. टेबलाच्या कोपऱ्यावर काटकोनात बसलेल्यांचा संवाद अधिक होतो, हे त्यांचे आणखी एक निरीक्षण. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६च्या ‘द हिडन डायमेन्शन’मध्ये अंतरांची वर्गवारी केली : दीड ते चार फूट वैयक्तिक, चार ते बारा फूट सामाजिक. आर्किटेक्ट ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७च्या ‘अ पॅटर्न लँग्वेज’मध्ये बसण्याचे सैलसर वर्तुळ, वाटेपासून थोडे बाजूला, आणि एकाच छापाऐवजी वेगवेगळ्या खुर्च्या, असे सुचवले.

यांचा आपल्या हॉलसाठी अर्थ असा निघतो की लांब भिंतीला एकच पाच जणांचा सोफा लावण्यापेक्षा तीन जणांचा सोफा आणि काटकोनात दोन सुट्या खुर्च्या बऱ्या. एल आकाराच्या सोफ्याची लोकप्रियता या निरीक्षणाशी जुळते, पण त्याच्या कोपऱ्यातली जागा बहुधा उशांकडे जाते, कारण तिथे बसणाऱ्याला पाय ठेवायला वाव नसतो.

यावर आक्षेपही आहेत. हे प्रयोग रुग्णालये आणि संस्थांमधले, तेही परस्परांना फारसे न ओळखणाऱ्या माणसांवर झालेले. आपल्याकडे भाऊबंद एका सोफ्यावर चौघे दाटीवाटीने बसतात, पाचवा हातावर टेकतो, आणि बोलणे काही थांबत नाही. अंतराची सवय समाजागणिक बदलते हे हॉल यांनी स्वतःच सांगितले होते. शिवाय प्रत्येक संध्याकाळ संवादाची नसते. घरात प्रत्येकाला थोडे एकटेपणही हवे असते, आणि वन बीएचकेत ते मिळण्याची दुसरी जागा नसते.

दिशांचा पक्ष

महाराष्ट्रात हॉल लावताना सर्वांत जास्त ऐकला जाणारा सल्ला वास्तुशास्त्राचा असतो. ईशान्य हलकी आणि मोकळी ठेवा, जड सामान नैऋत्येला, मधले ब्रह्मस्थान रिकामे, घरच्या कर्त्याचे तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. त्याचा आधार म्हणून ‘मयमत’, ‘मानसार’, भोजाचे ‘समरांगणसूत्रधार’ आणि वराहमिहिराची ‘बृहत्संहिता’ यांचा उल्लेख होतो. बृहत्संहितेत घरबांधणीवर वेगळा अध्याय आहे, तसाच शय्या आणि आसने यांच्यावरही आहे. कोणते लाकूड घ्यावे, कोणते टाळावे याची चर्चा त्यात येते. सोफा, टीव्ही किंवा शू-रॅक यांच्याविषयीचे आजचे नियम हे जुन्या दिशाविचारावरून नंतर काढलेले अनुमान आहे, हे पुष्कळ जाणकार सल्लागारही मान्य करतात.

या सल्ल्यावर दोन टोकांची मते आहेत. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने वास्तूच्या नावाने होणाऱ्या दाव्यांवर सातत्याने टीका केली आहे. सोफ्याच्या दिशेचा नोकरी, लग्न किंवा आजारपण यांच्याशी कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, ही तिची भूमिका. दुसरीकडे, अनेक कुटुंबांना दिशा पाळल्याने समाधान वाटते आणि खर्च होत नसेल तर बिघडले काय, असे ती विचारतात.

या दोन टोकांच्या मध्ये हवामानाचा आधार घेणारे आहेत. उत्तर गोलार्धात ईशान्येकडून सकाळचे सौम्य ऊन येते आणि दक्षिण-पश्चिमेच्या भिंती दुपारी तापतात. तेव्हा तिकडे जड कपाटे लावली तर उष्णता अडते, असा त्यांचा युक्तिवाद. नागपूर किंवा सोलापूरच्या उन्हाळ्यात तो पटण्यासारखा आहे. पण मुंबई आणि कोकणात पावसाळी वारा नैऋत्येकडूनच येतो. तिथली नैऋत्येची भिंत चार महिने पावसाचा मारा खाते आणि तिला चिकटून लावलेल्या प्लायच्या कपाटामागे ओल धरून बुरशी येते. म्हणजे हवामानाचे कारण खरे मानले तर एकच नियम राज्यभर लागू करता येत नाही. सल्लागारांच्या याद्यांत हा फरक क्वचितच दिसतो.

जडवलेले की हलते

चौथा वाद सामान भिंतीत जडवावे की सुटे ठेवावे याचा. जडवण्याच्या बाजूने साठवणुकीचे मोठे कारण आहे. सुतार घरी येऊन ८ बाय ४च्या प्लायच्या शीटमधून छतापर्यंतचे युनिट बनवतो, त्यात देव्हारा, पुस्तके, चादरी, दिवाळीच्या माळा असे सगळे मावते आणि वरची धूळ साचणारी फटही उरत नाही. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात विटांच्या बांधकामातच बैठका आणि फळ्या केल्या; त्यांचा हेतू खर्च वाचवण्याचा होता. वाड्यातले कोनाडे-फडताळही याच घराण्यातले म्हणता येईल.

विरुद्ध बाजूला भाडेकरू आहेत. ११ महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याने भिंतीला खिळा मारणेही जपून करावे लागते. त्याच्यासाठी घडीचे टेबल, चाकांचे रॅक आणि एकात एक बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या हेच व्यवहार्य. १९९०नंतर घरोघरी आलेल्या या खुर्च्यांची सौंदर्यदृष्टीने पुष्कळ थट्टा झाली, पण हळदीकुंकू, बारसे किंवा सत्यनारायण असला की त्याच कामाला येतात आणि संध्याकाळी दाराआड उभ्या राहतात. २०१८मध्ये हैदराबादला आणि डिसेंबर २०२०मध्ये नवी मुंबईतल्या तुर्भ्याला आयकियाचे दालन उघडल्यावर स्वतः जोडायच्या, उतरवता येण्याजोग्या फर्निचरची ओळख वाढली. टिकाऊपणाबद्दल मात्र मते विभागलेली आहेत. सागवानी खुर्ची पिढ्यान्‌पिढ्या चालते. दाबलेल्या भुशाच्या बोर्डाला पाणी आणि वारंवार खोलजोड दोन्ही मानवत नाहीत.

गणपतीचे दिवस या वादाची वार्षिक परीक्षा घेतात. मखरासाठी एक भिंत, आरतीला उभे राहायला मोकळी जागा आणि बाहेरून येणाऱ्यांची वाट एवढे एकदम लागते. ज्यांचे सामान हलते, त्यांचा हॉल तासाभरात रिकामा होतो. ज्यांची टीव्हीची भिंत कायमची पॅनेलबंद आहे, त्यांना बाप्पा टीव्हीपुढेच बसवावा लागतो.

खाली की वर

पाचवा मुद्दा बसण्याच्या उंचीचा आहे. गादीवर बसण्याचे समर्थक म्हणतात की त्याने शरीर लवचीक राहते, खोली मोठी दिसते आणि पाचऐवजी दहा माणसे मावतात. आधाराला ते अनेकदा ब्राझीलमधल्या २०१२च्या एका अभ्यासाचा दाखला देतात. ५१ ते ८० वयाच्या सुमारे दोन हजार माणसांत, ज्यांना आधाराशिवाय जमिनीवर बसता-उठता येत होते त्यांचे पुढच्या काही वर्षांतले मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. मात्र तो अभ्यास क्षमता मोजतो. खाली बसल्याने आयुष्य वाढते असे त्यातून सिद्ध होत नाही. गुडघ्यांची झीज झालेल्यांना आणि सांधा बदललेल्यांना अस्थिरोगतज्ज्ञ मांडी घालून बसणे टाळायला सांगतात. त्यांना खोल, मऊ आणि बुटका सोफाही सोसत नाही. हात टेकून उठता येईल अशी ताठ खुर्ची लागते.

एकाच हॉलमध्ये दोन्ही उंच्या ठेवल्या तर टीव्हीचा पेच येतो. सोफ्यावरच्याची नजर जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असते, खाली बसलेल्याची अडीच फुटांवर. एकासाठी लावलेला पडदा दुसऱ्याची मान दुखवतो.

जे अजून सुटलेले नाही

पाचही बाजू एकत्र ठेवल्या तर काही बाबतींत एकमत दिसते. चालण्याची वाट आधी ठरवावी, बसण्याची जागा नंतर. खिडकी अडवू नये. बसणाऱ्यांना मान न वळवता एकमेकांचे चेहरे दिसावेत. खोलीचा काही भाग रिकामा राहावा. दिशांचा पक्षसुद्धा ब्रह्मस्थानाच्या नावाने हेच मागतो.

मतभेद प्राधान्याचे आहेत आणि त्यातले तीन प्रश्न खुले आहेत. पहिला वृद्धांचा. चाकांची खुर्ची वळायला सुमारे ५ फुटांचे वर्तुळ लागते. वर केलेल्या हिशेबात सोफा, टीपॉय आणि टीव्ही युनिट लावल्यावर सोफ्यासमोर ते उरत नाही. चाळिशीत केलेली जडवलेली मांडणी सत्तरीत काय करायची, याचा विचार फर्निचर करताना फारसा होत नाही.

दुसरा पुनर्वसनाचा. झोपडपट्टी पुनर्वसनातले घर २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० चौरस फुटांपर्यंत आले. बीडीडीतली १६० चौरस फुटांची खोली सोडून कुटुंबे ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये जाऊ लागली आहेत. क्षेत्रफळ वाढले, पण सामाईक गॅलरी गेली. तिथे होणारे कपडे वाळवणे, धान्य निवडणे, मुलांचे खेळणे आणि शेजाऱ्यांशी बोलणे यातले किती हॉलमध्ये शिरणार आणि त्याला कोणती मांडणी लागणार, हे ही कुटुंबे आता ठरवत आहेत. मापांची तयार कोष्टके त्यांच्यासाठी बनलेली नाहीत.

तिसरा प्रश्न वेळेचा, आणि इतर सगळे वाद त्याच्याशी येऊन थांबतात. मार्च २०२०च्या टाळेबंदीत एकाच हॉलमध्ये ऑफिस, शाळा आणि स्वयंपाकाची तयारी एकदम चालली, तेव्हा तो सर्वांच्या लक्षात आला. पहिले तीन पक्ष खोलीला एकच काम आहे असे धरून चालतात : मापाच्या पक्षाला चालणे दिसते, संवादाच्या पक्षाला गप्पा, दिशांच्या पक्षाला कायमचे स्थान. प्रत्यक्षात वन बीएचकेतला हॉल सकाळी डबे भरण्याची जागा असतो, दुपारी अभ्यासाची, संध्याकाळी पाहुण्यांची आणि रात्री दोघा-तिघांच्या झोपण्याची. पाहुणे महिन्यातून चार तास येतात आणि त्यांच्यासाठी सोफा कायमचा बसतो. आजी रोज सात तास तिथे झोपते आणि तिची गादी सोफा सरकवून घालावी लागते.

बिल्डरच्या माहितीपत्रकातला नकाशा हॉलची एकच वेळ दाखवतो : संध्याकाळ, सोफा, समोर टीव्ही. डिझायनरकडून किंवा सुताराकडून घराचा आराखडा घेताना त्याच हॉलचा रात्री अकराचा दुसरा नकाशाही मागावा. कोण कुठे झोपणार, पाण्याला उठलेला माणूस कुठून जाणार आणि सकाळी गाद्या कुठे ठेवणार, एवढे त्यावर काढायला लावले तर सोफा किती मोठा घ्यायचा आणि तो सुटा हवा की जडवलेला, याचे उत्तर बहुतेक घरांत खरेदीच्या आधीच मिळेल.